पेटीत अर्धी नर, अर्धी कामकरी माशी परत परत दिसतेय? काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

पावसाळा संपून पेट्या परत भरायला लागल्या की दरवर्षी मधपाळ मंडळींकडून मला एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. डोकं नराचं आणि बाकी अंग कामकरीचं, किंवा एक डोळा मोठा आणि एक लहान, आणि खाली प्रश्न ठरलेला, हा रोग आहे का, पेटी जाळावी लागेल का, मध खाल्ला तर चालेल का. आधी उत्तर देतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. हा रोग नाही, पसरत नाही, पेटी जाळायची नाही, मध बिनधास्त खा. पण एकच माशी दिसणं वेगळं आणि दर आठवड्याला चार-पाच दिसणं वेगळं, आणि फोटोतली बरीच प्रकरणं तर अशा माशीची नसतातच, दुसराच काहीतरी बिघाड असतो आणि तो वेळेत नाही पकडला तर पेटी हातची जाते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अशा माशीला गायनँड्रोमॉर्फ म्हणतात, म्हणजे एकाच शरीरात काही भाग नराचा आणि काही मादीचा. मी खाली सरळ मिश्र माशी असंच लिहितो.

लक्षणं काय दिसतात

यातलं एक किंवा जास्त दिसत असेल तर पुढे वाचा:

- डोक्यावर नरासारखे मोठे, वर टाळूला एकमेकांना भिडलेले डोळे, पण पोट टोकदार, पट्ट्यांचं, कामकरीसारखं
- डावी बाजू नराची आणि उजवी कामकरीची, किंवा उलट, म्हणजे एका मिशीपेक्षा दुसरी वेगळी, एक डोळा मोठा
- मागच्या एका पायाला परागटोपली आहे, दुसऱ्याला नाही
- सकाळी पेटीच्या दारासमोर किंवा तळपाटावर कोवळ्या, फिकट रंगाच्या, विचित्र दिसणाऱ्या माश्या मेलेल्या किंवा लडबडताना सापडतात
- कामकरी माश्या एखादीला पंखाला धरून बाहेर ओढताना दिसतात
- फ्रेमवर बंद ब्रूड (ब्रूड म्हणजे घरांतली अंडी, अळ्या आणि कोष, बंद म्हणजे झाकण घातलेलं) सलग नाही, मध्ये मध्ये रिकामी घरं आहेत
- नर अचानक खूप वाढलेत आणि ते आकाराने लहान आहेत

शेवटची दोन लक्षणं मुद्दाम शेवटी ठेवलीत, कारण खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते आणि लोकांचं लक्ष मात्र त्या एका विचित्र माशीवर खिळलेलं असतं.

पहिली तपासणी: माशी खरंच मिश्र आहे का

याला पैसे लागत नाहीत, मोबाईलचा कॅमेरा आणि चांगला उजेड एवढंच. मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि चार जागा बघा.

डोळे. नराचे डोळे इतके मोठे असतात की डोक्याच्या वरच्या बाजूला एकमेकांना टेकतात, कामकरीचे बाजूला असतात आणि मध्ये मोकळी जागा राहते. मिशा. नराच्या मिशीत १३ कांड्या, कामकरीच्या मिशीत १२, मोजायला भिंग लागेल पण मोजता येतात. मागचा पाय. कामकरीच्या मागच्या पायावर बाहेरच्या बाजूने चपटी, गुळगुळीत, कडेने केसांची परागटोपली असते, नराला ती नसते. आणि पोटाचं टोक. कामकरीचं निमुळतं, आत नांगी, नराचं बोथट आणि नांगी नाही.

चारही जागा एकाच लिंगाच्या निघाल्या तर ती मिश्र माशी नाही, विषय तिथेच संपला. काही जागा नराच्या आणि काही कामकरीच्या निघाल्या तर मिश्र. कधी कधी फक्त एका डोळ्यात छोटासा ठिपका नराचा असतो आणि बाकी सगळी कामकरी, तीही मिश्रच, पण नुसत्या नजरेला सहज सुटते.

जिवंत माशी हातात धरणार असाल तर एक लक्षात ठेवा, डोकं नराचं आहे म्हणून ती चावणार नाही असं समजू नका. मागचा भाग कामकरीचा असेल तर नांगी असते आणि ती डंख मारते.

ही तपासणी पहिली का, तर पुढची सगळी मेहनत हिच्यावर उभी आहे. मला आलेल्या फोटोंमध्ये ज्या माश्या मिश्र म्हणून पाठवल्या जातात त्यात बऱ्याचदा हे निघतं: कामकरीच्या घरात वाढलेला बुटका नर, अंगावरचे केस झडून काळी चकचकीत झालेली म्हातारी कामकरी, पंख चुरगळलेली माशी (मेलिफेरात, म्हणजे परदेशी जातीच्या पाळीव माशीत, हे वरोआ माइट, म्हणजे माश्यांवर जगणारा गोचिडीसारखा बारीक जीव, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या व्हायरसमुळे होतं, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर वेगळा उपाय लागतो), पांढऱ्या डोळ्यांचा नर, आणि एकदा तर डोक्यावर ऑर्किडच्या परागाचे पिवळे गोळे चिकटलेली माशी, ती शिंगं फुटल्यासारखीच दिसत होती. पांढऱ्या डोळ्यांचा नर हा जनुकातला बदल असतो, तो बिचारा आंधळा असतो पण पूर्ण नरच असतो.

दुसरी तपासणी: किती आणि कधीपासून

वही करा. खरंच करा. पेटीचा नंबर, तारीख, दारासमोर किंवा तळपाटावर किती मिश्र माश्या सापडल्या. सकाळी ऊन चढायच्या आत बघा कारण मुंग्या आणि पक्षी थोड्या वेळात सगळं साफ करतात. दारासमोर पांढरं फडकं किंवा जुना फ्लेक्स अंथरला तर सापडणं सोपं जातं.

दारासमोरच का बघायचं, तर कामकरी माश्या मिश्र माश्यांना बऱ्याचदा जन्मल्या जन्मल्या बाहेर काढतात. ही जुनीच नोंद आहे. १८६० च्या दशकात जर्मनीतल्या कोन्स्टान्झ गावी ऑयग्स्टर नावाच्या मधपाळाच्या एका पेटीत अशा माश्या ढीगभर निघत होत्या आणि फोन सीबोल्ट या प्राणिशास्त्रज्ञाने त्या गोळा करून १८६४ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हाही कामकरी त्यांना बाहेर फेकतात हेच दिसलं होतं. त्याच जपून ठेवलेल्या माश्यांवर पन्नासेक वर्षांनी थिओडोर बोवेरी या जीवशास्त्रज्ञाने परत काम केलं, १९१५ मध्ये. म्हणजे तुमच्या पेटीत दिसतंय ते काही आत्ता मोबाईल टॉवरमुळे किंवा कुठल्या बियाण्यामुळे सुरू झालेलं नाही. मधमाश्याच नाही, रानातल्या एकेकट्या राहणाऱ्या माश्या धरून शंभराहून जास्त जातींमध्ये अशा माश्यांची नोंद झालेली आहे.

आता आकडा कसा वाचायचा. सगळ्या हंगामात एखाद-दुसरी सापडली तर काहीही करू नका. परत सांगतो, काहीही करू नका, पेटी उघडून सारखी ढवळू नका, सातेरी, म्हणजे आपली देशी पेटीतली माशी, तर जरा जास्त त्रास झाला की पेटी सोडून निघून जाते. पण एकाच पेटीत आठवड्यामागून आठवडा सापडत राहिल्या आणि शेजारच्या पेट्यांत एकही नाही, तर कारण त्या पेटीच्या राणीत आहे असं धरून पुढे चला. आणि सगळ्याच पेट्यांत थोड्या थोड्या दिसायला लागल्या तर तुमच्या पेट्या एकाच राणीच्या वंशावळीतल्या आहेत का ते आठवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

हे होतं कसं, हे थोडं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण हे कळलं की पुढचे उपाय का करायचे ते आपोआप कळतं.

मधमाशीत फलित अंड्यातून मादी होते (खाणं आणि घर कसं त्यावरून ती कामकरी किंवा राणी) आणि अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला बापच नसतो, त्याच्यात १६ गुणसूत्रं आणि मादीत ३२. राणी तरुणपणी उडत जाऊन बऱ्याच नरांशी मिलन करते, त्यांचं वीर्य पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि ते पुढे वर्षानुवर्षं थोडं थोडं वापरते. आता अंड घालताना एकाच शुक्राणूने आत शिरावं असा काही नियम नाही, मधमाशीत एका अंड्यात एकापेक्षा जास्त शुक्राणू शिरतात, त्यातला एक अंड्याच्या केंद्रकाशी जुळतो आणि बाकीचे मरून जातात. क्वचित एखादा उरलेला शुक्राणू मरत नाही, तो स्वतःच विभागायला लागतो. मग त्या अंड्यात दोन वंश एकाच वेळी वाढतात, जुळलेल्या केंद्रकापासून मादीचा भाग आणि उरलेल्या शुक्राणूपासून नराचा भाग. तीच आपली मिश्र माशी.

अमेरिकेत वॉल्टर रोथेनब्यूलरने १९५० च्या दशकात यावर खूप काम केलं, रंगाच्या खुणा असलेले वंश वापरून त्याने दाखवलं की त्याच्या माश्यांमध्ये नराचा भाग बापाकडून आलेला असतो. बोवेरीला ऑयग्स्टरच्या माश्यांमध्ये मात्र नराचा भाग आईकडचा दिसला होता, तिथे शुक्राणू उशिरा जुळला असावा आणि अंड्याचा काही भाग त्याच्याशिवायच वाढला असावा असं त्याचं म्हणणं. म्हणजे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत. २०१८ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी एकाच पेटीतल्या मिश्र माश्यांची जनुकीय तपासणी केली तेव्हा एक आई आणि तीनपर्यंत बाप असलेल्या माश्या निघाल्या, आणि एक तर अशी निघाली की तिला दोन बाप होते पण आईच नव्हती, दोन शुक्राणूच एकमेकांना जुळले होते. मला हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. ज्या पेटीला आपण दोन वर्षांतून एकदा रंग देतो तिच्या आत हे चाललेलं असतं.

आपल्या कामाचं यातलं काय, तर दोन गोष्टी. एक, रोथेनब्यूलरच्या कामातून हेही दिसलं की काही वंशांत मिश्र माश्या जास्त निघतात, म्हणजे ही सवय राणीबरोबर पुढे जाऊ शकते. दोन, १९६३ मध्ये ड्रेशर आणि रोथेनब्यूलरने दाखवलं की ताजी घातलेली अंडी थंड केली तर मिश्र माश्यांचं प्रमाण वाढतं. पुढच्या तपासण्या या दोन गोष्टींवरच आहेत.

तिसरी तपासणी: अंड्यांना थंडी लागतेय का

हे राणी बदलण्याच्या आधी, कारण फुकट आहे आणि राणीला हात लावावा लागत नाही.

ब्रूडच्या जागेचं तापमान माश्या ३४-३५ अंशांवर राखतात. ते राखायला अंगं लागतात. पेटीत माश्या कमी आणि फ्रेम जास्त असं झालं की कडेच्या फ्रेमवरची अंडी उघडी पडतात. महाबळेश्वर, आंबोली, आंबेगाव-जुन्नरचा वरचा भाग अशा ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पहाटे किती गारठा असतो हे सांगायला नको, आणि तिथेच लोक सकाळी सातला पेट्या उघडून बसतात कारण नंतर शेतावर जायचं असतं.

तर हे करा:
- थंडीत पेटी ऊन चांगलं तापल्यावरच उघडा, वारा असेल तर नाहीच
- अंड्यांची फ्रेम बाहेर काढून फोटोसाठी धरून बसू नका, बघितली की परत आत
- माश्यांनी न झाकलेल्या फ्रेम काढून घ्या, पेटी आवळा, रिकामी जागा डमी फळीने बंद करा
- दार लहान करा, झाकणाखाली पोतं घाला, पेटीला भेगा असतील तर मातीने किंवा मेणाने बुजवा
- वसाहत अशक्त असेल तर साखरेचा पाक संध्याकाळी द्या, दिवसा दिलात तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात

एवढं करून तीन आठवडे थांबा. तीनच का, तर आज घातलेल्या अंड्यातून कामकरी बाहेर यायला मेलिफेरात २१ दिवस आणि सातेरीत साधारण २० दिवस लागतात, म्हणजे त्याआधी दारात जे काही सापडेल ते तुमच्या दुरुस्तीच्या आधीचंच असणार. लोक आठव्या दिवशी फोन करतात की काही फरक नाही. आठव्या दिवशी फरक दिसूच शकत नाही.

चौथी तपासणी: ब्रूड वाचा

इथे फ्रेम बाहेर काढावी लागेल, म्हणून हे चौथं. उन्हात, स्मोकरचा हलका धूर देऊन, सूर्य पाठीशी ठेवा म्हणजे घराच्या तळाशी उजेड पडेल आणि अंडी दिसतील.

घरात अंडी किती आणि कुठे आहेत ते बघा. एका घरात एकच अंड, तळाशी मधोमध उभं, तर राणी आहे आणि घालतेय. एका घरात दोन-तीन-चार अंडी, काही भिंतीला चिकटलेली, तर राणी गेलीय आणि कामकरीच अंडी घालायला लागल्यात. कामकरीचं पोट आखूड, ते तळापर्यंत पोचत नाही म्हणून अंडी भिंतीला राहतात. (नवीन राणी पहिले काही दिवस कधी कधी दोन अंडी घालते, त्याने घाबरू नका, ती तळाशीच असतात आणि आठवड्यात सुरळीत होतं.)

मग झाकणं बघा. कामकरीच्या घरावरचं झाकण सपाट असतं, नराच्या घरावरचं फुगलेलं. सातेरीत नराच्या झाकणाच्या टोकाला बारीक भोक असतं, ते नैसर्गिकच आहे, मेलिफेरावरून सातेरीकडे आलेली मंडळी ते बघून रोग समजतात. कामकरीच्या लहान घरांवरच फुगलेली झाकणं दिसायला लागली तर समजा की कामकरीच्या घरात नर वाढतायत. त्यातून बाहेर येतात ते बुटके नर, आणि फोटोत मिश्र माशी म्हणून जास्तीत जास्त तेच येतात.

बुटके नर आणि एका घरात बरीच अंडी, म्हणजे कामकरी घालतायत. बुटके नर आणि एका घरात एकच अंड, म्हणजे राणी आहे पण तिच्याकडे वीर्य नाही. आपल्या सह्याद्रीत हे पावसाळ्यात बाहेर पडलेल्या राण्यांचं फार होतं, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, कोवळ्या राणीला उडायला उघडीपच मिळत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत मिलन झालं नाही तर ती तशीच राहते आणि फक्त नरांची अंडी घालायला लागते. म्हणून मी पावसाळ्यात राणी तयार करायला कोणालाच सांगत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे अंडी व्यवस्थित, झाकणं सपाट, पण फ्रेम दाणे न भरलेल्या कणसासारखी, मध्ये मध्ये रिकामी. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबतो. मधमाशीत नर की मादी हे एका जनुकावरून ठरतं, ते २००३ मध्ये सापडलं. त्या जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती असतील तर मादी, एकच प्रत असेल तर नर. पण राणीचं मिलन तिच्याच नात्यातल्या नराशी झालं तर काही फलित अंड्यांत दोन्ही प्रती सारख्याच येतात, आणि तेव्हा मादी न होता मादीसारखाच गुणसूत्रांचे दोन संच असलेला नर होतो. या अळ्या अंड्यातून बाहेर आल्या की काही तासांत कामकरी त्यांना खाऊन टाकतात, पोलंडच्या वॉयकेने १९६३ मध्ये हे दाखवलं. ती रिकामी घरं म्हणजे खाल्लेल्या अळ्यांची जागा, आणि वाईटात वाईट परिस्थितीत निम्मी घरं अशी रिकामी राहू शकतात.

मिश्र माशी आणि ही रिकामी घरं हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकामुळे दुसरा होतो असं नाही. पण आपल्याकडे दोन्ही एकाच जागी सापडतात कारण एकाच चांगल्या पेटीची विभागणी करत करत अख्ख्या वाडीत पेट्या वाटल्या जातात, सगळ्या राण्या बहिणी, सगळे नर त्यांचेच भाऊ. मग राणीत जी सवय असेल ती वाडीभर जाते. आणि सुदैवाने दोन्हीवर इलाज एकच आहे.

पाचवी पायरी: राणी बदला

मिश्र माश्या एकाच पेटीत सारख्या निघतायत, थंडीचा बंदोबस्त करूनही तीन आठवड्यांनी तेच, किंवा ब्रूडला अशी रिकामी घरं, तर राणी बदलणं हा एकच उपाय आहे. औषध नाही. गंधकाची पूड, हळद, कडुनिंबाचा फवारा, काही काही मारू नका, अंड्याच्या आत झालेली गोष्ट फवाऱ्याने बदलत नाही आणि चांगल्या अळ्या मात्र मरू शकतात.

आणि नवीन राणी त्याच पेटीच्या अंड्यांपासून होऊ देऊ नका. म्हातारी राणी काढली की माश्या लगेच स्वतःच्याच अळीवर राणीघर बांधतात आणि सगळी मेहनत पाण्यात, तोच वंश परत गादीवर बसतो.

मेलिफेरात सोपं आहे. जुनी राणी काढा, आठवड्याने सगळ्या फ्रेम तपासून एकूण एक राणीघर मोडा, तोपर्यंत पेटीत राणी करता येईल एवढी कोवळी अळी उरलेली नसते, मग दुसऱ्या चांगल्या वसाहतीतली ताज्या अंड्यांची फ्रेम द्या किंवा मिलन झालेली राणी पिंजऱ्यातून द्या.

सातेरीत मात्र इतके दिवस राणीविना ठेवू नका. सातेरीच्या कामकरी मेलिफेरापेक्षा खूप लवकर अंडी घालायला लागतात आणि एकदा त्या घालायला लागल्या की नवीन राणी स्वीकारत नाहीत. म्हणून आधी दुसऱ्या गावच्या, नात्यात नसलेल्या, शांत आणि भरलेल्या पेटीत बंद राणीघर तयार असू द्या, मग इकडची राणी काढा आणि दुसऱ्या दिवशी ते राणीघर ब्रूडच्या मध्ये हलकेच चिकटवा, टोक खाली, हिसका बसू देऊ नका. चार-पाच दिवसांनी पेटी उघडून इकडच्या माश्यांनी बांधलेली राणीघरं शोधून मोडा, दिलेलं घर ओळखता यावं म्हणून फ्रेमच्या पट्टीवर पेनाने खूण करून ठेवा.

मग थांबा. राणी बाहेर येणार, उडणार, मिलन होणार, अंडी घालणार, दोनेक आठवडे सहज जातात. आणि जुन्या राणीच्या शेवटच्या अंड्यांतल्या माश्या तीन आठवडे बाहेर येत राहतील, त्यात मिश्र माश्याही असतील, तेव्हा नवीन राणीला दोष देऊन तिला मारू नका. नव्या राणीच्या पहिल्या अंड्यांपासून तीन आठवडे मोजा, त्यानंतरच वहीतला आकडा खरा धरायचा.

कामकरीच अंडी घालत असतील तर ती पेटी सुधारण्याच्या नादी लागू नका, विशेषतः माश्या थोड्याच उरल्या असतील तर. दुसऱ्या चांगल्या पेटीत संध्याकाळी वर्तमानपत्राचा कागद मध्ये ठेवून मिसळून टाका. एक वसाहत गेली तरी माश्या वाचतात.

आणि दोन-तीन वर्षांतून एकदा तरी लांबच्या गावच्या मधपाळाशी राण्यांची किंवा राणीघरांची अदलाबदल करा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. जागच्या जागी विभागणी करत राहिलं की पेट्यांची संख्या वाढलेली दिसते पण आतून वंश आक्रसत जातो. फक्त एवढं बघा की ज्या भागात थायसॅक ब्रूड (सातेरीच्या अळ्या मारणारा रोग) चालू आहे तिथून काही आणायचं नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खालीलपैकी काही दिसलं तर तो मिश्र माशीचा विषय नाही आणि घरी उपाय करत बसू नका:

- अळ्या घरातच मरतायत, चिमट्याने उचलल्या तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या येतात. सातेरीत हा थायसॅक ब्रूड असू शकतो, १९९० च्या दशकात दक्षिणेत त्याने सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. फ्रेम दुसऱ्या पेटीत टाकू नका, हत्यारं तापवून घ्या, कळवा
- मेलेल्या अळीला काडी लावली की तार सुटते किंवा पेटीला कुजका वास येतो
- पंख चुरगळलेल्या माश्या रोज आणि खूप, अंगावर तांबूस माइट
- राणी दोनदा बदलूनही, आणि दुसरी राणी वेगळ्या गावची असूनही, मिश्र माश्या तशाच
- सगळ्या परिसरात एकदम खूप माश्या मेल्या, तर आधी आजूबाजूला काय फवारलंय ते विचारा

अशा वेळी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी ग्रामोद्योग मंडळाचं महाबळेश्वरचं मध संचालनालय आहे, राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मिश्र माश्या मेल्या मेल्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका, चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख आणि पेटीचा नंबर लिहून आत घाला (पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते), वही आणि ब्रूडचे फोटो सोबत न्या. वाळून चुरा झालेली माशी घेऊन गेलात तर कोणीच काही सांगू शकत नाही.

आग्या मोहोळात अशी माशी दिसली म्हणून जवळ जायचं नाही, पोळ्यापासून लांब पडलेली मिळाली तर घ्या, पोळ्याला हात लावायचं काम फक्त शिकलेल्या माणसाचं. आणि पेटीवर काम करताना डंखानंतर श्वास लागायला लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या किंवा चक्कर आली तर पेटी उघडी असली तरी सोडा आणि सरळ दवाखाना गाठा, झाकण नंतर कोणीही लावेल.